द्राक्षगर्भ

पोटावरून फिरणारा डॉक्टरांचा हात थांबला, आणि इतका वेळ ते काहीतरी गुणगुणत होते हे नाहिदला तेव्हा कळलं. गुणगुणणं बंद झालं म्हणून कळलं. मग एसीची घरघर ऐकू यायला लागली, बाहेरच्या बाकावर कुणाचं तरी मूल पाय आपटत होतं ते ऐकू आलं, पोटावरच्या जेलीचा गारवा एकदम वाढल्यासारखा वाटला. डॉक्टरांनी हातातलं यंत्र जरा दाबलं, डावीकडे नेलं, परत बेंबीखाली आणलं. "याआधी सोनोग्राफी केली नव्हती मॅडम?" त्यांनी विचारलं. "नाही." "चौथा लागला म्हणता, तरी एकदाही नाही?" ती पडद्याकडे बघत होती. पडदा तिच्याकडे अर्धवट वळलेला होता आणि त्यात काय दिसायला हवं हे तिला चांगलं ठाऊक होतं. कॉलेजात बारावीच्या पोरींना ती दरवर्षी फळ्यावर ते काढून दाखवायची, वाकलेली पाठ, मोठं डोकं, हनुवटीशी आलेले गुडघे. तसं तिथं काहीच नव्हतं. लहानपणी घाटंजीला वारा सुटला की गच्चीवरचा अँटेना फिरायचा आणि टीव्हीवर मुंग्या यायच्या, तशा मुंग्या त्या पडद्यावर भरल्या होत्या. पांढऱ्या, करड्या, वळवळणाऱ्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आता कुणीतरी वर जाऊन अँटेना नीट करील आणि चित्र येईल असं तिला क्षणभर खरंच वाटलं. "बाळ कुठं आहे?" ती म्हणाली. डॉक्टरांनी कागदी रुमालांचा गठ्ठा तिच्या हातात दिला. "पुसून घ्या. मी तुमच्या डॉक्टरांना, जया मॅडमना फोन करतो, त्या समजावून सांगतील." ते इतक्या सभ्यपणे बोलले की तिला भीती वाटली. जेली पुसता पुसता तिला मळमळून आलं, रोज सकाळी यायचं तसंच, घशापर्यंत. पडद्यावर कुणी नव्हतं आणि पोटाला ते अजून कळलं नव्हतं.

लग्नाला दहा वर्षं झाली होती. मधे एकदा दिवस राहिले होते, तेव्हा ती धावत जाऊन मशीनखाली झोपली होती, वाटाण्याएवढा ठिपका बघून आली होती, त्यात काहीतरी लुकलुकतंय असं तिला दाखवलं होतं. आणि आठवड्याच्या आत सगळं वाहून गेलं होतं. मशीनमुळे गेलं नाही हे तिला कळत होतं. जीवशास्त्राची बाई होती ती, यवतमाळातल्या निम्म्या नर्सा तिच्या हाताखालून गेलेल्या. पण या वेळी पट्टीवर दोन रेघा उमटल्या तेव्हा तिनं ठरवलं की बघायचं नाही. जया मॅडमना परीक्षेचं कारण सांगितलं, मग पावसाचं, मग तब्येतीचं. बघितलं की जातं, हे वाक्य तिच्या आत कुठंतरी बसलं होतं आणि तिथं तिचं शिक्षण पोचत नव्हतं. न बघता मात्र ती सगळं बघत होती. सुरुवातीच्या त्या दिवसांत दात घासताना, खडू हातात घेताना, नवऱ्याला, तारिकला चहा देताना तिच्या मनात एकच चाललेलं असायचं: आता दोन झाल्या असतील, आता चार, आता तुतीच्या फळासारखा गोळा झाला असेल. वर्गात कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड लावून ती सांगायची, वाढायला, झीज भरून काढायला आणि नवा जीव घडवायला पेशी दुभंगते, काम कुठलंही असो. आणि सांगताना तिचा डावा हात नकळत पदराखाली जायचा. मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं होतं, "मॅडम, पेशीले कसं कळते, आता थांबायचं म्हणून?" नाहिद हसली होती. पुढच्या वर्षी शिकशील, म्हणाली होती. पोट लवकर दिसायला लागलं, उलट्या थांबेनात. घाटंजीहून सासू, जोहराबी, मुक्कामालाच आली. तिनं पोटावर हात फिरवून निकाल दिला, "जुडे हायेत. दोघं हायेत, बघजो तू." आणि तारिक, जो कधी फारसा बोलायचा नाही, तो दुकानात काम करता करता मोठ्यानं शीळ घालू लागला होता.

जया मॅडमनी दोघांना समोर बसवलं. त्या तिच्याहून दोन-चार वर्षांनी लहान असतील. एका लग्नात दोघी शेजारी जेवल्या होत्या. "याला द्राक्षगर्भ म्हणतात," त्या म्हणाल्या. नाहिदला शब्द माहीत होता. एम.एस्सी.ला असताना काचेच्या बरणीत तो पाहिलाही होता, पांढुरक्या पाण्यानं भरलेल्या मण्यांचा घोस, बरणीवर चिकटवलेला कागद पिवळा पडलेला. मैत्रिणीला ती म्हणाली होती, ई, साबुदाण्यासारखं दिसतंय. आता तोच शब्द टेबलावरून तिच्याकडे सरकत येत होता आणि ती मागे सरकू शकत नव्हती. "म्हणजे बाळ नाही. बाळ कधी झालंच नाही. बाळाभोवतीची जी वार असते ना, तिच्याच पेशी नुसत्या वाढत गेल्यात. रक्तातलं हॉर्मोन त्याच बनवतात, म्हणून उलट्या, म्हणून पट्टीवर रेघा. पट्टी खोटं बोलली नाही." तारिक पुढे झुकून ऐकत होता, ग्राहक बिघाड सांगतो तेव्हा ऐकायचा तसा. "पण मॅडम, वाढून तर राह्यलं न थे?" तो म्हणाला. "पोट तर वाढलं हाय." "वाढतंय, हाच तर त्रास आहे भाऊ. थांबत नाहीये. उद्याच काढावं लागेल, रक्ताची सोय करून ठेवा." तारिकनं नाहिदकडे बघितलं. ती मॅडमच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होती, त्यावर एका बाळाचा फोटो होता आणि बाळाला दात नव्हते. तिला रडू येत नव्हतं. काहीतरी प्रचंड मोठ्यानं वाजून गेल्यावर कानात जशी शांतता भरते तशी शांतता तिच्यात भरली होती, आणि त्या शांततेत ती विचार करत होती की उद्या पहिला तास कोण घेईल.

भूल उतरताना सगळ्यात आधी सासूचा आवाज आला. नाहिदला डोळे उघडता येत नव्हते. पापण्यांवर कुणी तरी हात ठेवल्यासारखं जड होतं, तोंडात लोखंडाची चव होती. जोहराबी दाराशी उभी राहून कुणाशी तरी बोलत होती, आवाज न चढवता. "बाई, थे आमच्याजवळ द्या न. आम्ही घेऊन जातो." "काय आजी?" हा जया मॅडमचा. "थेच जे काढलं. आमच्याइथं मिट्टी देतात. नहलाना, नाव ठेवणं, थे सगळं नसन होत, मले माहीत हाय, लहान होतं. पण असं फेकत तर नाई न कोणी. एका कापडात बांधून द्या. तारिकचे अब्बा हायेत तिथं कबरस्तानात, त्यांच्या पायाशी देऊ." मग मॅडम म्हणाल्या, "आजी, तिथं बाळ नव्हतं. नुसतं मांस होतं, पाण्याचे फुगे होते. ते तपासायला पाठवावं लागतं. पाठवलं." "बाळ नव्हतं तर मंग एवढं पोट कायचं होतं?" जोहराबी म्हणाली. तिच्या बोलण्यात भांडण नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मॅडमची पावलं दूर गेली, आणि नाहिदला बंद डोळ्यांआड कळलं की आयुष्यभर आता हा प्रश्न असाच राहणार, सासू तो परत विचारणार नाही आणि तो कुठं जाणारही नाही. तिनं हात पोटाकडे नेला. पोट मऊ होतं, सैल होतं, आणि मळमळ गेली होती. अडीच महिने जिचा तिनं त्रागा केला होता ती मळमळ गेली होती, आणि तिला तिची आठवण आली.

पाठवलेल्याचा तपासणीचा निकाल आला त्या दिवशी ती घरी जायची होती. तारिक गाडी बोलवायला गेला होता, जोहराबी खाली नळावर. जया मॅडम खाटेच्या कडेला बसल्या आणि आता आधीसारखं सोपं करून बोलल्या नाहीत, आपल्यातल्या बाईशी बोलावं तशा बोलल्या. पूर्ण प्रकारचा आहे. गर्भाचा अंशही नाही. दर आठवड्याला रक्त तपासायचं, हॉर्मोन खाली आलं पाहिजे. आलं नाही तर इंजेक्शनं. आणि वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत. "कसं होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको," त्या म्हणाल्या. खरंच नको होतं. नाहिदनं पुस्तकात एका परिच्छेदात ते वाचलं होतं आणि परीक्षेत त्यावर दोन मार्कांचं लिहिलंही होतं. अंडं रिकामं असतं. त्यातलं केंद्रक, आईची निम्मी गुणसूत्रं, कुठंतरी हरवलेली असतात. बापाचं बीज येतं, आत कुणी नसतं. मग ते आपलीच नक्कल करून आपला आकडा पुरा करतं आणि विभाजन सुरू होतं, दोन, चार, आठ. सगळं बापाचं. आईचा एक धागा नाही. "मॅडम," नाहिद म्हणाली, "फवारणीच्या औषधानं असं होतं का? यांचं काम पंप दुरुस्तीचं आहे." जया मॅडमनी मान हलवली. "तसं कुणी दाखवलेलं नाही. वय, नशीब, काय म्हणाल ते. होतच नाही असं कुणी छातीठोक सांगणार नाही, पण मी तरी तो विचार करणार नाही. का होतं, हे कुणालाच नीट माहीत नाही." त्या गेल्यावर नाहिद भिंतीकडे बघत राहिली. बाळ नव्हतं हा धक्का तिनं घेतला होता, निदान उभी होती. पण ते जे काही होतं तेसुद्धा तिचं नव्हतं. तिचं रक्त पिऊन, तिची झोप खाऊन, तिच्या आत दुसऱ्याचंच कुणी तरी दुसऱ्याचीच नक्कल करत बसलं होतं आणि ती पदराखाली हात ठेवून त्याला मोजत होती. मी कोण होते मग? तिला वाटलं. माझं काय होतं तिथं? रिकामेपण तेवढं माझं होतं.

तारिक वर आला, तिच्या चपला खाटेखालून काढून त्यानं पायाशी नीट लावल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "काहून झालं असं? काय म्हणे बाई?" तेव्हा म्हणूनच तिच्या तोंडून ते निघालं. "त्यात माह्यं काहीच नव्हतं," ती म्हणाली. "सगळं तुमचं होतं. सगळंच्या सगळं." तिला वाटलं होतं तो काही विचारेल. त्यानं विचारलं नाही. त्यानं आपले हात वळवून तळवे बघितले. नखांच्या कडांना वंगण होतं, ते कधीच जायचं नाही; उजव्या तर्जनीवर पान्यानं कापलेली जुनी खूण होती, कातडी तिथं भरून आलेली पण रंग वेगळा. तो ते बघत उभा राहिला आणि खाली गाडीवाला हॉर्न वाजवू लागला.

ते दोन हजार सतरा साल होतं. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडअळी थांबत नव्हती. लोक सकाळ-दुपार फवारत होते. हात वर करून फवारायचं म्हणजे औषध वाऱ्यानं तोंडावर, छातीवर, डोळ्यांत यायचं. सरकारी दवाखान्यात फवारणीची माणसं येऊन पडत होती, कुणाला दिसत नव्हतं, कुणी वाट्टेल ते बरळत होता, खाटेला बांधून ठेवलेला. तारिक यातल्या दोघांना बघून आला होता, त्याचीच गिऱ्हाइकं. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. मोटारी, कूलर, आणि या दिवसांत सगळे फवारणी पंप. घाटंजी-पांढरकवड्यापर्यंतची माणसं पाठीवरचे पंप घेऊन यायची, कारण तारिकनं बसवलेला रबरी वायसर हंगामभर गळत नाही असं लोक म्हणायचे. पंप खोलला की आतून एक उग्र, गोडसर वास यायचा, तो पडद्यातून मागच्या खोलीत यायचा, कपड्यांना लागायचा. दहा वर्षांत नाहिदला तो वास म्हणजे नवरा घरात आहे एवढंच कळायचं. दवाखान्यातून आल्यावर काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की वास येत नाही. पडद्यापलीकडे तारिक होता, पण कूलर खोलून बसला होता, हंगाम सोडून. जोहराबीनं सांगितलं, "पंप घेतच नाई थो. आले त्याले वापस पाठवून राह्यला. काहून तर सांगत नाई. अन् दिवसातून दहा डाव हात धुते, राखेनं धुते." नाहिदच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं खाली ठेवला. तिला लख्ख कळलं. तिनं जे सांगितलं होतं ते त्यानं कसं ऐकलं होतं, तो काय मानून बसला होता, सगळं. एक वाक्य बोललं की संपणार होतं. ती उठली, पडद्यापर्यंत गेली. आत वाकलेली त्याची मान दिसत होती. आणि तिथंच तिला, स्वतःचीच लाज वाटावी असं, बरं वाटलं. दहा वर्षं सगळ्यांची बोटं तिच्याकडे होती. बीज कमजोर आहे, गर्भाशय आडवं आहे, शिकलेल्या बायकांचं असंच असतं. औषधं तिनं खाल्ली, ताईत तिच्या कमरेला, उपाशी ती राहिली. आता काही दिवस दुसऱ्या कुणीतरी हात धुतले तर काय बिघडलं? ती पडदा न सारता मागे फिरली. दुसऱ्या दिवशीही सांगितलं नाही. मग न सांगणं सोपं होत गेलं.

हॉर्मोन खाली येत होतं आणि मग एका आठवड्यात ते वर गेलं. जया मॅडमनी नागपूरला मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून इंजेक्शनं सुरू केली. म्हणजे काढून टाकल्यावरही काही पेशी मागे राहिल्या होत्या, कुठंतरी स्नायूत रुतून, आणि दुभंगतच होत्या. कुणासाठी, कशासाठी, असं विचारायची त्यांची रीत नव्हती. नाहिद रात्री कूस बदलायची ती सावकाश, त्यांना जाग येऊ नये अशी. औषधाचं काम सरळ होतं, जी पेशी भराभर दुभंगते तिला ते अडवतं. आणि शरीरात भराभर दुभंगणाऱ्या चांगल्या पेशीही असतात हे त्याला कळत नाही. तोंडाच्या आतलं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं, एरवी माणसाला पत्ताही नसतो. ते व्हायचं थांबलं. गालांच्या आत, जिभेखाली, ओठांच्या कडांना फोड आले आणि फुटले. पाणी झोंबायचं, भात झोंबायचा, शब्द झोंबायचे. जोहराबी तिला दुधात पोळी कुस्करून, गार करून, चमच्याच्या टोकानं भरवायची आणि तिचंही तोंड आपोआप उघडायचं, लहान मुलाला भरवताना आईचं उघडतं तसं. नाहिदनं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा घास तोंडातच राहिला. या बाईनं एकदाही तिला दोष दिला नव्हता. कबरस्तानाचा विषयही परत काढला नव्हता. फक्त नमाजनंतर दुआचे हात पूर्वीपेक्षा जास्त वेळ उचललेले असायचे.

अशाच एका दुपारी ती खिडकीशी पडली होती. खिडकी दुकानाच्या ओट्यावर उघडायची. ओट्याशी एक म्हातारा मजूर येऊन थांबला. तिनं त्याला ओळखलं, डोमाजी. दर वर्षी यायचा, येताना तिच्यासाठी वालाच्या शेंगा किंवा रानातली बोरं आणायचा. पाठीवर निळा पंप. डोळे रक्त उतरल्यासारखे लाल. "तारिकभाई, पाह्य बरं जरा. झाकणातून गयते थे." "पंप नाई घेत म्या आता, डोमाजीभाऊ." "काहून? दरसाल तर तुह्याच हातचा असते." "नाई घेत. दुसऱ्याकडं न्या." डोमाजी हसला, थट्टा समजून. मग तारिकचा चेहरा बघून हसू थांबलं. "दुसऱ्याकडं गर्दी हाय बापा. आठ रोज ठेवून जा म्हणते. मालक कायले थांबते? अळी थांबते का? उद्या फवारा मारायचाच हाय, गयता त गयता." तारिकनं कूलरची जाळी पुढ्यात ओढली. "पाठीवरून खाली उतरते रे थे," डोमाजी म्हणाला, "पार कमरेत जाते. रातभर आग होते, डोये मिटत नाई." तरी तारिक मान खाली घालून कूलरच्या जाळीत बोटं घालून बसलेला. डोमाजीनं पाठीवरचा पंप वर सावरला, पट्टे खांद्यावर ओढले आणि वळला. आणि नाहिदला त्याची पाठ दिसली. सदऱ्यावर पंपाच्या कडेनं पांढरट ओघळ वाळून कडक झाले होते, आणि त्यावरून एक नवा, ओला ओघळ हळूहळू खाली येत होता. तो कुठवर जातो हे ती बघत राहिली. तो कमरेच्या करदोड्यापाशी पोचला, पसरला. डोमाजीला ते कळलं असावं, त्यानं हात मागे नेऊन सदरा अंगापासून सुटा केला आणि रस्त्याला लागला.

ती उठून दुकानात गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पडदा सारला. "म्या तुम्हाले अर्धंच सांगतलं," ती म्हणाली. बोलताना ओठाची कड फुटली, रक्ताची चव आली. तारिक वर बघायला लागला. "बस, बस खाली. बोलू नको, तोंड—" "ऐका. तुमच्यात काही बिघडलं नव्हतं. अंडं रिकामं होतं. थे माह्यं होतं. तुमचं जे आलं त्याले जोडीले कोणी भेटलं नाई, म्हणून त्यानं सोताचीच नक्कल केली. एवढंच. पंपाच्या औषधानं झालं असं कोणी म्हटलं नाई." "तुले काय माहीत?" "म्या इचारलं बाईले. त्या म्हणे, तसं कोणी दाखवलं नाई. काहून होते थे कोणालेच माहीत नाई. मले बी नाई." तारिकनं जाळी बाजूला ठेवली. "कधी इचारलं?" नाहिदनं खरं सांगितलं. "दवाखान्यातच. तुम्ही गाडी आणाले गेले तवा." "मंग इतके दिवस..." तो तिच्याकडे बघत होता आणि त्या बघण्यात राग नव्हता, राग असता तर तिला धरायला काही तरी मिळालं असतं. तो नुसता थक्क होऊन बघत होता, दहा वर्षं ज्या दारातून आत-बाहेर केलं ते दार भलत्याच जागी दिसावं तसा. मग तो उठला. डबा उघडून वायसर चाचपले, दोन-तीन खिशात टाकले, पाना घेतला, फळीवरचे रबरी हातमोजे ओढले, आणि मोटरसायकल काढून डोमाजी गेला त्या बाजूला गेला. नाहिद कूलरशेजारी बसून राहिली. जोहराबी मागून आली, काही न विचारता तिच्या ओठावरचं रक्त पदरानं टिपून घेतलं.

तारिक आला तेव्हा उन्हं उतरली होती आणि त्याच्या अंगाला तो वास येत होता. "बसवला," एवढंच तो म्हणाला, आईला. नाहिदशी बोलला नाही. बरेच दिवस बोलला नाही. इंजेक्शनाच्या दिवशी मात्र गाडी काढून दाराशी उभा राहायचा, ती बसली की सावकाश चालवायचा, खड्ड्याआधी वेग कमी करायचा. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. दुकानात पुन्हा पंप येऊ लागले. आता तो मोजे घालून खोलायचा आणि आलेल्या प्रत्येकाला अंगावर काय घालून फवारता म्हणून विचारायचा, लोक हसायचे. नाहिदच्या तोंडातले फोड औषधाच्या मधल्या खंडात वाळायचे, खालून गुलाबी कातडी यायची, पुन्हा औषध, पुन्हा फुटायची. एकदा आरशात जीभ बाहेर काढून तिनं बघितलं, तर एका बाजूला जखम होती आणि एका बाजूला, अगदी खेटून, नवं अस्तर चढत होतं. तिला नवल वाटलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी थांबून विचारलं नव्हतं. थोडी सवड मिळाली की ते आपलं काम सुरू करत होतं. त्या रात्री तारिक स्वतःहून म्हणाला, "मीठ झोंबते का अजून?" ती म्हणाली, "कमी झालं."

कपाशीची शेवटची वेचणी उरकली, थंडी पडली, आणि हॉर्मोन खाली येत येत एके दिवशी उरलंच नाही. पुढच्या तपासण्यांतही आलं नाही. जया मॅडम पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "आता वर्षभर तपासत राहायचं. मग बघू," त्या म्हणाल्या. दोघं बाहेर आले. दत्त चौकात तारिकनं गाडी लावली, टपरीवर दोन चहा सांगितले. ऊन छान होतं. ऑटोवाले ओरडत होते, समोरून कापसाच्या गाठींनी लादलेला ट्रक वळत होता आणि एक ट्रॅफिकवाला त्याला हात करत होता. नाहिदनं चहाचा घोट घेतला. गरम लागला, झोंबला नाही. "एक इचारू?" तारिक म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता, ग्लासात बघत होता. "इचारा." "थे..." तो थांबला. ट्रक जाऊ दिला. "थे पोरगं होतं का पोरगी?"

तिथं कुणी नव्हतं, हे तिला त्याला सांगता आलं असतं; काळीज नव्हतं, हात नव्हते, ज्याला नाव देता येईल असं काही नव्हतं. इतके महिने तो मान हलवत होता, बाळ नव्हतं असं लोकांना तोच सांगत होता, आणि आत हा प्रश्न घेऊन फिरत होता. मग नको असताना तिचं डोकं चालायला लागलं. नक्कल होते ती बापाच्या बीजातल्या एक्सची. दोन वाय एकत्र आले तर टिकतच नाहीत, पहिल्या दुभंगण्यातच संपतात. इतकं वाढलं म्हणजे एक्स आणि एक्स. दुसरं क्वचितच असतं. हे तिला तपासणीचा निकाल आल्यापासून केव्हाही काढता आलं असतं, आणि तिनं ते एकदाही काढलं नव्हतं. ग्लास तिनं टपरीच्या फळीवर ठेवला.

"बहुतेक," ती म्हणाली, "पोरगी."

तारिकनं मान हलवली. "मले वाटलंच होतं," तो म्हणाला, आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. त्याची पाठ तिच्याकडे होती. ती आधी स्थिर होती, मग खांद्यापासून हलायला लागली. टपरीवाला बघत होता, बाकावरची माणसं बघत होती. नाहिदनं पुढे होऊन त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला, नाहीतर चहा त्याच्या अंगावर सांडला असता.